शाबासकीचा फोटो

"परत डोळे मिटले," फोटोग्राफर म्हणाला आणि कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढून हसला. "काय रे धाकट्या, रिंगमध्ये मोठमोठ्यांना पाणी पाजतोस आणि माझ्या फ्लॅशला घाबरतोस होय?"

स्टुडिओत दाटीवाटीनं उभी असलेली मंडळी हसली. धाकटाही ओशाळून हसला. रविवारी त्याची बॉक्सिंगची फायनल होती आणि चौकातल्या बॅनरसाठी बाप-लेकाचा एकत्र फोटो हवा होता. बाप म्हणजे चॅम्पियन. त्यानं ग्लव्ह्ज उतरवून कितीतरी वर्षं झाली होती, पण या भागात त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. त्याच्या चाहत्यांचं मंडळ होतं, मंडळाला सेक्रेटरी होता आणि सेक्रेटरीच्या डोक्यात फोटो केव्हाच काढून झाला होता. चॅम्पियन पोराच्या खांद्यावर शाबासकीची थाप देतोय आणि पोरगा समोर बघतोय. हात नुसता ठेवलेला नको, वरून खाली येताना दिसला पाहिजे, तरच फोटोत जीव येतो, असं त्यानं आल्या आल्या बजावलं होतं. फोटोग्राफरनं मान डोलावली होती. त्याला त्याचंच काम शिकवणारी गिऱ्हाइकं काही नवीन नव्हती.

"साहेब, अजून एकदा."

चॅम्पियननं हात उचलला. धाकट्याचे डोळे मिटले.

फोटोग्राफरनं फ्लॅश बंद केला, खिडकीचा पडदा सरकवला आणि उजेडात फोटो घेतला. तरी तेच. मग तो दिव्यांची जागा बदलायला लागला. तेवढ्या वेळात गप्प बसेल तर तो सेक्रेटरी कसला!

"अहो, हा एवढासा होता तेव्हापासून बघतोय मी याला. आमची बाल्कनी यांच्या अंगणासमोरच. रोज सकाळी चहाचा कप घेऊन उभा राहायचो. याचा तोंडापुढचा गार्ड जरा खाली आला की साहेबांची चपराक. दम खायला थांबला की चपराक. एकदा कानाखाली अशी बसली, पोरगं गरकन फिरून भिंतीवर आपटलं. आणि रडलं म्हणून वर आणखी एक! मी आमच्या हिला बोलावून दाखवलं. म्हटलं, बघ, याला म्हणतात पोर घडवणं."

"उगाच नाही असा वाघ तयार होत," मंडळातला औषधांचा दुकानदार भारावून म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. चॅम्पियन नम्रपणे हसला, सत्कारात हार गळ्यात पडताना हसायचा तसा.

हा किस्सा फोटोग्राफरनं कितीदा तरी ऐकला होता. गिऱ्हाइकांना स्वतः सांगितलाही होता, पदरचं तिखटमीठ लावून. आत्ता मात्र तो आजचे फोटो स्क्रीनवर एकापुढे एक सरकवत होता. सेमीफायनलचे फोटो त्यानंच रिंगच्या दोरीला खेटून काढले होते. ठोसा नाकाला भिडतोय आणि धाकट्याचे डोळे टक्क उघडे, असा एकेक. बॉक्सरला हेच पहिल्यांदा शिकवतात. ज्याचे डोळे मिटले, तो संपला. मग आज काय झालं? प्रत्येक फोटोत बापाचा हात थोडा वर, थोडा खाली. आणि प्रत्येक फोटोत धाकट्याची मान आत गेलेली, एक खांदा कानाशी चढलेला, तोंड वाकडं झालेलं. एवढा दांडगा गडी, पण चेहरा लहान पोराचा.

फोटोग्राफरचे कान तापले. त्याला लाज वाटली, आणि ती त्या बापाची नव्हती, स्वतःची होती. त्यानं घाईघाईनं स्क्रीन बंद करायला हात पुढे केला. पण गिऱ्हाइकांना फोटो निवडता यावेत म्हणून तो मोठा स्क्रीन त्यानंच खोलीकडे तोंड करून लावला होता. सगळ्यांनी बघितलं होतं.

"लाइटचंच काहीतरी असणार," तो पुटपुटला.

औषधांचा दुकानदार भिंतीवरचा पासपोर्ट फोटोंचा दर वाचायला लागला. सेक्रेटरीनं आणखी एक किस्सा सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

चॅम्पियननं खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि स्क्रीनजवळ जाऊन उभा राहिला. फोटोग्राफरनं न सांगताच त्यानं बटण दाबून मागचा फोटो बघितला. त्याच्या मागचा. त्याच्याही मागचा. त्याची मान हळूहळू लाल होत गेली.

"हे काय करतोस तू?" त्यानं वळून विचारलं. आवाजात दरारा आणायला गेला, पण तो आला नाही.

"मुद्दाम नाही करत, बाबा." धाकटा जमिनीकडे बघत होता. चूक आपलीच असल्यासारखा शरमला होता, आणि तेच बघवत नव्हतं. "आपोआप होतं ते. तुम्ही हात उचलायच्या आधी सांगत जा ना. सांगितलं की नाही मिटत."

खोलीत कुणाला कुठं बघावं कळेना. या माणसाला बघायला यांच्यातल्या काहींनी रात्ररात्र प्रवास केला होता. समोरचा सावरायच्या आत याचा हात चालतो, यावर ते जीव ओवाळून टाकत.

चॅम्पियन परत पोराशेजारी येऊन उभा राहिला. "साहेब, जरा वर", "साहेब, जरा तिरके" असं मघापासून ओरडणारा सेक्रेटरी आता दाराशी सरकला होता. फोटोग्राफरनं कॅमेऱ्याला डोळा लावला, कारण तेवढीच एक लपायची जागा होती.

"उचलू?" चॅम्पियननं विचारलं.

धाकट्यानं लगेच हो म्हटलं नाही. चॅम्पियन दोन्ही हात मांडीशी धरून, पोराच्या तोंडाकडे बघत थांबला.