सोवळ्यातली खिडकी

"आई, तू लॅपटॉपवर ते चंद्राचं काय टाकलं होतंस?" यतिनने खोलीतून डोकं बाहेर काढून विचारलं, आणि शोभाताईंच्या हातातला मोदक कळ्या पाडता पाडता फाटला.

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ते होय? संकष्टीचा चंद्रोदय दाखवतं. भजनी मंडळातल्या श्यामलाताईंनी सांगितलं. पुण्याच्या कॅलेंडरात सिडनीचा चंद्र कुठून असणार? का रे?"

"ब्राउझरला जोडलेलं ते एक्स्टेन्शन हॅक झालंय. त्यात जे उघडू ते सगळं बाहेर जातंय, पासवर्डसकट. ऑफिसचा लॅपटॉप आहे, आई! सिक्युरिटीवाला ग्रॅहम कॉलवर थांबलाय."

तो पुन्हा स्क्रीनसमोर जाऊन बसला. शोभाताई पिठाचे हात तसेच अधांतरी धरून दारात उभ्या राहिल्या. थोडे दिवस राहायला म्हणून त्या सिडनीतल्या टूनगॅबीला मुलाकडे आल्या होत्या आणि कोरोनामुळे सीमा बंद झाल्या, म्हणून अजून इथेच होत्या. यतिनचा व्हिसा नोकरीवर, नोकरी त्या ग्रॅहमच्या एका शब्दावर, आणि परत जायचं म्हटलं तर विमानं बंद. गणपतीसाठी उपास करायला गेले आणि पोराच्या पोटावर पाय आणला, असं त्यांच्या मनात आलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यात हे.

यतिन ग्रॅहमला स्क्रीन दाखवत होता.

"हँग ऑन, मेट," ग्रॅहमचा आवाज आला. बाकीचं इंग्रजी शोभाताईंना तुटक तुटक कळत होतं. एक्स्टेन्शन यतिनच्या कामाच्या प्रोफाइलमध्ये नाहीच, ही लाल फुलाचं चित्र असलेली दुसरी प्रोफाइल कुणाची?

"माय मम्स," यतिन म्हणाला, आणि त्याने वळून आईकडे बघितलं.

त्या लाल जास्वंदीवरून मायलेकांचं चांगलंच वाजलं होतं. ज्या खिडकीत तू कोंबडीचे बर्गर मागवतोस, तिच्यात माझं पंचांग उघडणार नाही, असं शोभाताईंनी ठणकावून सांगितलं होतं. यतिनने चिडून त्यांना वेगळी प्रोफाइल काढून दिली, आणि मग आपली आई ब्राउझरलासुद्धा सोवळं नेसवते म्हणून मित्रांना सांगून मनसोक्त हसून घेतलं.

ग्रॅहम बराच वेळ काहीतरी तपासत होता. शोभाताईंनी तेवढ्यात अथर्वशीर्ष म्हणायला घेतलं, पण पुढची ओळच आठवेना.

"यू आर ऑलराइट, मेट. नथिंग फ्रॉम वर्क." त्या फुलाच्या खिडकीतून बाहेर गेलं ते फक्त पंचांग, आरत्या आणि उकड न फुटण्याची युक्ती. ऑफिसचा लॅपटॉप घरच्यांना द्यायचा नाही, ही ताकीद मिळाली, ती यतिनने मान खाली घालून ऐकली. "बट हू सेपरेटेड इट लाइक दॅट? व्हेरी क्लीन."

"शी इज स्ट्रिक्ट अबाउट क्लीन," यतिन म्हणाला.

कॉल संपला तसा तो खुर्चीत सैल पडला आणि वेड्यासारखा हसायला लागला. शोभाताईंना मात्र रडू कोसळलं. सुटलो रे बाबा, सुटलो, असं म्हणत त्यांनी कोपराने डोळे पुसले.

"काढलंस ना ते मेलं?"

"काढलं."

"मग आज चंद्र उगवला हे कसं कळायचं?"

"मी बघतो की."

अंधार पडल्यावर जॅकेट घालून तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. एरवी उपासाच्या दिवशी आईची टिंगल करणारा हा मुलगा शेजाऱ्याच्या निलगिरीकडे मान वर करून बघत होता. थंडीने नाक लाल झालं तरी आत आला नाही.

"आई, आला!" त्याची हाक आली.

शोभाताईंनी चंद्राला अर्घ्य दिलं, गणपतीला नैवेद्य दाखवला. यतिनने सवयीने वरच्या मोदकाकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. शोभाताईंनी साधं डोळे वटारूनही बघितलं नव्हतं.

तो सिंककडे गेला आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन आला. ते ओले हात तसेच समोर धरून त्याने विचारलं,

"आई, आता शिवू?"