नको असलेली वस्तू

शिंपीणबाईंना खरेदीचं वेडच लागलं होतं. न उघडलेल्या खोक्यांमुळे घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी त्यांचा आजारी नवरा चर्चच्या पाळकसाहेबांच्या पाया पडला. "हिला तुम्हीच आवरा हो! हिच्या शिलाईवर चूल पेटते आमची."

बाईंना तोंडावर बोलायला पाळकांची जीभ रेटेना. त्यांनी उपदेशात सगळ्या मंडळीलाच सांगितलं, "मोह सोडा. घरातली एक नको असलेली वस्तू पुढच्या रविवारी वेदीपाशी आणा."

रविवारी बाई सगळ्यांच्या आधी पुढे. गरीब मुलींसाठी त्यांनी बारा झगे मांडले, बाराही कोरे करकरीत, लेबलं लटकताहेत! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

पाळक हळूच म्हणाले, "अहो बाई, मी घरातली वस्तू म्हटलं होतं. हे तर दुकानातलं!"

"इश्श, देवाला का कुणी जुनंपानं देतं?" बाई खुलून हसल्या. "नको असलेली काल विकली आणि हे घेतलं."

"काय विकलंत?"

"शिलाई मशीन. हल्ली तयारच बरं पडतं हो."

पाळकांनी वर पाहिलं. दोन दिवस दवाखान्यात काढून थेट उपासनेला आलेला नवरा मागच्या बाकापाशी उभा राहून, डोळे पुसत, अजून टाळ्या वाजवत होता.