लालासाहेबाचा टाक

"आरं, ह्यो तर लालासायेबच!" गुंडा ओरडला आणि चांदीचा टाक त्याच्या हातून पडता पडता वाचला.

नाथाजीच्या ओट्यावरची माणसं पुढं सरकली. तळहाताहून लहान पत्रा. त्यावर घोडा, घोड्यावर स्वार, स्वाराच्या हातात तलवार. इथवर सगळं रिवाजाप्रमाणं होतं. पण ह्या स्वाराला तोंड होतं. चढलेल्या भुवया, एका अंगाला झुकलेली मिशी, हनुवटीवरची खाच, आणि आता हसेल की आता डाफरेल ह्याचा पत्ता लागू न देणारे ओठ.

टाकाला तोंड नसतं. असलं तरी कुणा एकाचं नसतं. कोंडीबा पोतदाराच्या दुकानात एक जुना ठसा होता. गेलेला माणूस देव्हाऱ्यात बसवायचा झाला की चांदीचा पत्रा त्यावर धरून ठोकायचा. शहाणा, खुळा, दाता, चिकट, सगळे एकाच ठशातून निघत आणि सारखेच देव होत. मेल्यावर सगळ्यांचा हिशेब सपाट व्हावा, ही त्या ठशाची मोठी सोय होती.

कोंडीबाच्या पोराला, अर्जुनाला, ती सोय पसंत नव्हती. त्याचा जीव लहानपणापासून रुपयावरच्या राजाच्या तोंडात अडकलेला. नाणं आटवायच्या आधी तो राजाच्या नाकावरनं बोट फिरवून घ्यायचा. एवढ्याशा चांदीत कुणीतरी जिता माणूस बसवला. मग आपल्याला का येऊ नये?

"राजाचं नाक बघून प्वाट भरत न्हाई," कोंडीबा म्हणायचा. "गुंडा चाललाय मदुरेला, गलाईच्या दुकानात सोनं गाळाय. तूबी जा."

परमुलखात भट्टीपुढं जन्म जाळायची अर्जुनाची तयारी नव्हती. कुरकुर वाढली तेव्हा बापलेकांत सौदा ठरला. एक टाक अर्जुनानं ठशाशिवाय, आपल्या हातानं करायचा. गावानं मान डोलावली तर दुकानाचा अर्धा ओटा त्याचा. नावं ठेवली तर गुंडाबरोबर मदुरेची गाडी.

आणि पलटणीतला लालासाहेब हवालदार इटलीतल्या लढाईत पडल्याची तार आली. दुखवटा सगळ्या गावाला झाला, पण त्यातनं नफा निघाला तो एकट्या अर्जुनाला.

घरात लालासाहेबाचा फोटो नव्हता. अर्जुनाला त्याची गरजही पडली नाही, तोंड पाठ होतं. हवालदार रजेवर आला की दुकानात त्याची एक फेरी ठरलेली. बायकोचा, साळूबाईचा, वाकलेला गोठ सरळ करून घ्यायला तो स्वतः यायचा. मनगटातला चांदीचा चांगला जाडजूड गोठ. उंबऱ्यावर बसून विडी ओढायचा आणि हसायचा. "बायकू लय धांदरट हाय, गड्या. सारखी पडती." अर्जुना गोठावर हातोडी चालवायचा आणि नजर त्या तोंडावर ठेवायचा. चांदी कुठं वाकलीय ते बोटांनाच कळत होतं. तिकडं बघायचं कारण नव्हतं.

लालासाहेबाच्या बापानं, म्हाताऱ्या नाथाजीनं, टाक डोळ्यांशी नेला.  मग तो छातीशी धरला.

"माजं ल्येकरू घरला आलं रं."

अर्जुनाच्या नशिबाचा निकाल ह्या एका वाक्यात लागला. ओट्यावरच दोघाचौघांनी आपापल्या मेलेल्यांची नाकं वर्णायला सुरुवात केली. गुंडाचा चेहरा उतरला. मदुरेच्या वाटेवरचा सोबती गेला. कोंडीबानं पोराच्या पाठीवर हात ठेवला. तो हात आजवर फक्त मारायलाच उठलेला.

"पर अर्जुना," नाथाजीनं शंका काढली, "रोज घासून ह्ये झिजंल की. आमच्या बाच्या टाकाचा नुसता पत्रा उरलाय बघ."

"आवं तात्या, न्हाई झिजायचं. पत्रा दुप्पट जाड घेतलाय, उठाव खोल दिलाय. तुमची नातवंडं म्हातारी हुतील, पर ह्ये तोंड हाय तसंच ऱ्हाईल."

पहिलाच माल, आणि त्याची तारीफ करायला विकणारा चुकला नाही.

देव्हाऱ्यात बसवण्याआधी टाकाला आंघोळ हवी, म्हणून तो आत पाठवला गेला. माणसं चहाच्या वाटेकडं डोळे लावून बसली. अर्जुना तेवढ्यात पाणी प्यायला म्हणून मागच्या दारी गेला. खरं तर इतक्या कौतुकानंतरही एक पोचपावती राहिली होती, आणि ती त्याला सोडवेना.

साळूबाई दगडापाशी बसून देव घासत होती. घरातले देव घासायचं काम सुनेचं. शेजारी चिंच, राख, पाण्याचा तांब्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिचा हात बिनगोठाचा अर्जुनानं आजच पाहिला. मनगटाचं हाड एका बाजूला वर आलेलं, जुनं, वाकडं जुळलेलं. गोठ त्यानं दर खेपेला सरळ करून दिला होता.

विचारायला आलेलं आता विचारू नये असं त्याला वाटलं. तरी सवयीनं तोंडातनं निघालंच.

"वैनी... जमलाय न्हवं?"

"हुबेहूब." तिनं वर पाहिलं नाही. टाक तळहातावर धरून ती त्या ओठांवरनं अंगठा फिरवत होती, दाबून, पुन्हा पुन्हा. मग तिनं माजघराच्या दाराकडं एकवार नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"सोनारदादा, तुमास्नी चांदीतलं कळतं म्हून इचारते. राखंच्या जागी वाळू लावली, आन रोज घासला, तर ह्ये तोंड किती वर्सांत जाईल?"