हौदातलं शेवाळ

मेघाचं प्रेत धरणात सापडलं. पाय घसरून पडली, असं सासरचे म्हणाले. पण धुळ्याच्या कॉलेजात तीस वर्षं शेवाळावर संशोधन केलेल्या सलीमा मॅडमना पोलिसांनी तपासायला पाठवलेल्या तिच्या हाडांच्या मज्जेत जे सूक्ष्म शेवाळ दिसलं, ते धरणातलं नव्हतंच. सासरच्या गोठ्यातल्या हौदातलं होतं. पोरीला जिवंतपणी हौदात बुडवलं होतं. मॅडमनी अहवालात तसं स्पष्ट लिहिलं.

मग मेघाची आई भागाबाई पारोळ्याहून त्यांना शोधत आली. "मॅडम, पानीमा मनी पोर लई तळमळनी व्हई का?"

मॅडमना खरं सांगवेना. "नाही अक्का. पाण्यात जाण्याआधीच तिचा जीव गेला होता."

त्या एका वाक्यावर भागाबाई दोन वर्षं तगली. कोर्टात साक्ष देताना तिनं तेच सांगितलं. पुढे मॅडम साक्षीला उभ्या राहताच आरोपींच्या वकिलानं विचारलं, "मेल्यावर पाण्यात टाकलेल्या माणसाच्या हाडात शेवाळ पोचत नाही ना? मग खोटं कुठे बोललात मॅडम, अहवालात की मेघाच्या आईशी?"

भागाबाई समोरच्याच बाकावर बसली होती. तिच्याकडे न बघता मॅडम म्हणाल्या, "आईशी."