मोकळा गोल

अंबरनाथच्या मैदानावर शाळांची फुटबॉल फायनल एक-एकवर अडकली होती आणि शेवटचं मिनिट उरलं होतं. कोंडाजीची नात ऋतिका चेंडू घेऊन सुटली. आडवी आलेली बदलापूरची गोलकीपर गुडघा धरून कोसळली आणि समोर गोल मोकळा झाला. ऋतिकानं चेंडू मुद्दाम बाहेर मारला अन् त्या मुलीकडे धावली.

"अगं, गोल मार आधी," कोंडाजी कट्ट्यावरून ओरडला. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती. काय रे विश्राम?"

शेजारी डावा पाय लांब करून बसलेला विश्राम म्हणाला, "नव्हती खरी."

पेनल्टीवर ऋतिकाची टीम हरली. ती कट्ट्याशी आली, तसा कोंडाजी फणकारला, "हातातला कप घालवलास. ती काय मावशी लागत होती तुझी?"

"कप आहे की घरात. तुम्ही आणलेला," ती म्हणाली आणि वाकली. "चला विश्राम आजोबा, खांदा धरा माझा."

कोंडाजीनं विश्रामची दुसरी बाजू धरली. त्या कपाच्या फायनलला समोरच्या गोलात विश्राम होता, आणि त्याचा डावा गुडघा त्या दिवसापासून वाकलेला नाही.