आधी जेवा

रात्रभर दवाखान्यात इंदूपाशी बसून मी सकाळी अंघोळीला घरी आलो होतो. "बाबा, आधी जेवा," शलाका म्हणाली. मी पिठलं-भाकरी खाल्ली, हात धुतला. मग तिनं माझा ओलाच हात धरला. "आई गेली, बाबा. तुम्ही अंघोळीला होतात तेव्हा फोन आला."

शलाका आमची दत्तक मुलगी. दहाव्या दिवशी माझी थोरली बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "आई गेल्याचं माहीत असून बापाला वाढत बसली! काय काळीज म्हणायचं? शेवटी रक्त परकंच."

मी विचारलं, "अक्का, आपले आबा दवाखान्यात वारले त्या दिवशी तू या घरातच होतीस. तुला कोणी जेवू घातलं?"

अक्काचा आवाज खाली आला. "इंदूनं. पोटभर जेवू घातलं आणि मग सांगितलं. म्हणाली, एकदा कळलं की चूल पेटायची नाही आणि घासही उतरायचा नाही."

"मला हे ठाऊक नव्हतं, आत्या," शलाका म्हणाली. ती तेव्हा आमच्याकडे आलेलीही नव्हती. अक्कानं तिला जवळ ओढलं.

तेराव्यानंतर शलाका सासरी परतली. आता घरात मी एकटाच असतो. इंदू मला पुष्कळदा विचारायची, "पोर माझ्या पोटची नाही. माझं काही उतरलं असेल का हो तिच्यात?" काय सांगावं, मला कळायचं नाही. आता उत्तर मिळालंय. इंदूला ते सांगायचं राहिलं.