ऋजुताला सोडायचं का?

संघ पुन्हा हरला आणि मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर वाद पेटला. “ऋजुताला अमरावतीला देऊन टाका, बदल्यात दोन उंच मुली घ्या,” असं बहुतेकांचं मत होतं.

“तीच गेली तर बास्केटबॉल बघायचं कशाला?” कुंदाकाकू कडाडल्या. क्लबमध्ये त्यांच्या शब्दाला वजन होतं.

तेवढ्यात गुडघ्याला बर्फ लावलेली ऋजुता लंगडत आली. “काकू, मला जाऊ द्या ना. इथं प्रत्येक बॉल माझ्याकडेच येतो. थकले हो मी.”

काकूंना आठवलं, दर सामन्यात “तिलाच दे!” असं सगळ्यात मोठ्यानं त्याच ओरडायच्या.

“जा पोरी. सचिवांशी मी बोलते.” मग मैदानातून बाहेर पडणाऱ्या बाकीच्या मुलींकडे बघत त्यांनी विचारलं, “त्या बुटकीचं नाव काय गं?”